विषम पिंजरा, उजवा कान

"दोन-दोन करून घाला," साहेब म्हणाले.

मामांचा हात पिंजऱ्यात होता. तो तसाच ठेवून त्यांनी मान तेवढी वळवली. "नर आहेत साहेब. चाळीसच्या चाळीस."

"मग?"

"जन्मभर एकेकटे राहिलेत. एका पिंजऱ्यात दोन घातले तर एकमेकांच्या जिवावर उठतील."

"मामा, उंदीर आहेत. वाघ नाहीत." साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. "तीन गाड्या यायच्या होत्या, एकच आलीय. तीही मागच्या रस्त्याने, कशीबशी. गाडीत वीस पिंजरे बसतात. चाळीस भागिले वीस किती?"

भागाकार बरोबर होता. साहेबांचे भागाकार नेहमीच बरोबर असत. ते डोंगरावरच्या मुख्य आवारातून आले होते आणि विद्यापीठाने त्यांना स्थलांतर समन्वयक असं भारदस्त नाव दिलं होतं. गेले तीन महिने नव्या इमारतीच्या नकाशांची गुंडाळी काखेत मारून ते हिंडत, म्हणून नदीकाठची माणसं त्यांना नकाशेसाहेब म्हणायची. माणूस वाईट नव्हता. फक्त उंदीर त्याने आजवर यादीतच पाहिले होते.

विद्यापीठाची आवारं पाच. डोंगरावर कुलगुरू आणि फायली, बाजारपेठेत कायदा आणि भाषा, गावाबाहेर शेतकी, नदीकाठी जीवशास्त्र आणि औषधं, आणि आता हमरस्त्यापलीकडे काचेचं, नवं कोरं पाचवं. एका आवारातला कागद दुसऱ्या आवारात पोचेपर्यंत कारकून निवृत्त होतो, अशी जुनी थट्टा होती; ती काढणारा कारकूनही निवृत्त होऊन गेला होता. नदीकाठ बंद करून सगळं पाचव्यात हलवायचं ठरल्यापासून मात्र कुणी थट्टा करेना. अकरा दिवस मुलं फाटकावर ठाण मांडून होती. परवापासून दगड सुरू झाले होते आणि कालपासून पोलीस.

मामा प्राणिगृहाचे परिचर. लागले तेव्हा झाडूवाले होते, तेहतीस वर्षांत तीन हजार पिंजऱ्यांचे कारभारी झाले. विद्यार्थी आधी उंदीरमामा म्हणत, मग नुसतंच मामा. आता विभागप्रमुखही मामाच म्हणायचे. निवृत्तीला आठ महिने उरले होते. पाहुण्यारावळ्यांत ते 'विद्यापीठात असतो' एवढंच सांगून गप्प बसत, कारण त्यापुढे विचारणारा विचारायचाच, की तिथे करता काय? करायचं ते असं: पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, दाणापाणी बघायचं, आणि प्रयोग संपला की मारायचं. पहिला उंदीर मारला त्या दिवशी ते मोरीत ओकले होते. पुढे किती मारले ते कार्डांवर लिहिलेलं होतं, त्यांनी स्वतः कधी बेरीज केली नाही. घरात शिरताना ते कोपरापर्यंत हात धुवायचे, तरी बायको म्हणायचीच, "आलात का तुमच्या लेकरांना भेटून?" मारण्याचं तिला त्यांनी तेहतीस वर्षांत सांगितलं नव्हतं.

बाकीचे पिंजरे आधीच हलवून झाले होते. उरलेले हे चाळीस उंदीर पोरीचे. पोरगी म्हणजे संशोधन करणारी विद्यार्थिनी. चारचौघांत मामा तिला मॅडम म्हणत, एरवी पोरी. म्हातारपणी विसरायला होतं ते औषधाने थोपवता येतं का, हा तिचा विषय. वीस जणांना औषध, त्यांच्या उजव्या कानाला खाच. वीस जणांना नुसतं पाणी, त्यांच्या डाव्या कानाला. ते म्हातारे होण्याची वाट बघण्यात तिची सव्वादोन वर्षं गेली होती आणि शेवटची परीक्षा, आडव्यातिडव्या गल्ल्यांतून वाट शोधायची, पुढच्या आठवड्यावर आली होती. "मलाच दे ना दोन थेंब," मामा म्हणायचे, "चष्मा कुठे ठेवला ते तरी आठवेल." "मग कानाला खाच पाडावी लागेल," ती म्हणायची.

पहिल्या दिवशी दोन गट पाडताना मामा चांगले तरतरीत बघून औषधाच्या बाजूला टाकायला लागले, तेव्हा तिने त्यांचा हात धरला होता. "निवडायचं नाही मामा. आपल्याला आवडतो तो आपण नकळत एका बाजूला टाकतो. मग औषधाने काय केलं आणि आपल्या हाताने काय केलं, ते सांगता येत नाही." सातवी शिकलेल्या मामांना विद्यापीठात तेहतीस वर्षांत कुणी एवढं नीट समजावून सांगितलं नव्हतं. त्यांनी ते मनात ठेवलं.

"मॅडमना विचारतो," मामा साहेबांना म्हणाले. फोन लावला. तो वाजून वाजून बंद पडला. पोरगी फाटकावर होती, घोषणा देत. तिथे पिशवीतला फोन कुणाला ऐकू येणार?

"त्यांचे उंदीर शुक्रवारी जायचे ठरले होते साहेब."

"शुक्रवारी या इमारतीला पोलिसांचं कुलूप असेल. मग दाणा कोण घालणार? तुम्ही खिडकीतून?"

तिथेच मामांनी पाय रोवून नाही म्हणायला हवं होतं. ते म्हणाले नाहीत, कारण त्यांच्याकडे एक जुनी युक्ती होती आणि तिच्यावर त्यांचा नको तेवढा भरवसा होता. नर भांडतो तो आपल्या जागेसाठी, जागेवरच्या आपल्या वासासाठी. पिंजरा धुतलेला असला, भुसा कोरा असला, तर जागा कुणाचीच नाही. अर्धा-पाऊण तास दोघं हुंगत फिरतात. रस्ता पंचवीस मिनिटांचा. तिकडे उतरल्या उतरल्या वेगळे करायचे. बारीकसारीक अडचणीत ही युक्ती त्यांनी दहा वेळा केली होती आणि दहाही वेळा निभावली होती.

त्यांनी कोऱ्या भुशाचे वीस पिंजरे मांडले, एकपासून वीसपर्यंत आकडे घातले. फळीवर पोरीने उजवा-डावा, उजवा-डावा असे लावलेले होते, म्हणजे दिव्याचा उजेड दोघांना सारखा. मामांनी शेजारचे दोन-दोन उचलले, त्यामुळे प्रत्येक पिंजऱ्यात एक उजवा आणि एक डावा गेला. नऊ नंबरात पैलवान गेला. तो थोराड, पांढऱ्या मिशांचा, मामांच्या तळहातावर बसून दाणा खाणारा. पोरीने त्याला ते नाव दिलं होतं आणि मामांनी ते चालवलं होतं.

गाडीचं मागचं दार साहेबांनी स्वतः बाहेरून लावलं, कुलूप घातलं. "जमावाने उघडलं तर पंचाईत," ते म्हणाले आणि पोलिसांच्या जीपमध्ये बसून पुढे गेले. मामा आत, उलट्या बादलीवर. समोर ड्रायव्हरच्या पाठीशी हातभर रुंद जाळीची खिडकी होती.

मागचा रस्ता तोवर ओंडके टाकून बंद झाला होता. ड्रायव्हरने शिव्या देत गाडी वळवली आणि मुख्य फाटकाकडे घातली.

पहिला दगड छपरावर पडला तेव्हा मामांना वाटलं, टायर फुटला. दुसरा पडला आणि चाळीसच्या चाळीस उंदीर एकदम थिजले. मग सरच सुरू झाली. पत्रा असा वाजत होता की कानात दुखायला लागलं.

"मामा, खाली बसा!" ड्रायव्हर ओरडला. समोरची काच फुटून त्याच्या मांडीवर सांडली. दारातून एक हात आत आला, त्याने ड्रायव्हरच्या थोबाडीत मारली आणि किल्ली उपटून घेतली. इंजिन बंद पडलं. त्याबरोबर थंड हवेचं यंत्रही बंद पडलं.

"आत जनावरं आहेत रे!" ड्रायव्हर रडकुंडीला येऊन सांगत होता. "उंदीर आहेत, उंदीर!"

"यंत्रं चोरून नेताय आमची!" बाहेरून कुणीतरी म्हणालं. ड्रायव्हरला ओढून बाजूला नेलं आणि गाडी दोन्ही बाजूंनी हलवायला सुरुवात झाली.

मामांनी मांडणीला पाठ लावून पिंजरे सांभाळले. घड्याळात साडेदहा झाले होते. निघून वीस मिनिटं. अजून वेळ आहे, त्यांनी मनाशी म्हटलं.

अकरा वाजता आत श्वास घेववेना इतकं गदमदायला लागलं. सव्वाअकराला तिसऱ्या पिंजऱ्यातून पहिली किंकाळी आली. ज्यांनी ऐकली नाही त्यांना वाटतं उंदीर चीं चीं करतात. लढणारा नर किंचाळतो. मग सातव्यातून आली, मग चौदाव्यातून, आणि मग कुठल्या पिंजऱ्यातून येतेय ते सांगता येईना. पाठीला पाठ लावून गोळे होऊन ते भुशात लोळत होते. शेपटीच्या मुळाशी चावत होते, पोटाला चावत होते. कोरा भुसा ठिकठिकाणी लाल व्हायला लागला.

मामांनी खोक्यांचे पुठ्ठे फाडले आणि पिंजऱ्यांत आडवे घातले. तीन पिंजरे केले आणि चौथा करेपर्यंत पहिल्यातला पुठ्ठा खालून कुरतडून दोघं पुन्हा एकमेकांवर तुटून पडले होते. मग त्यांनी हात घातला. मधे येणारा हात लढणाऱ्या नराला कुणाचाही वाटतो. तर्जनी हाडापर्यंत फाटली, अंगठ्यात दात रुतून बसले, ते उपटून काढावे लागले. एक उंदीर त्यांनी खिशात टाकला. तो खिसा फाडून मांडीला चावला आणि बाहेर आला. वेगळं ठेवायला जागाच नव्हती. जीव चाळीस आणि पिंजरे वीस.

त्यांनी पोरीला फोन केला. पुन्हा केला. रक्ताने काच निसरडी झाली होती, आकडे उमटत नव्हते. सकाळचा धरून अकरा वेळा केला. जाळीतून त्यांना ती दिसतसुद्धा होती. फाटकापाशी, दहा पावलांवर, मूठ उंचावून ओरडत होती. "पोरी!" मामा ओरडले. "ए पोरी!" एवढ्या गदारोळात त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही.

तिचे स्वतःचे उंदीर त्या गाडीत आहेत हे तिला माहीत नव्हतं, आणि गाडी अडवणाऱ्यांत ती सगळ्यात पुढे होती. मामांना त्या क्षणी तिचा राग आला. मग साहेबांचा आला. मग स्वतःच्या युक्तीचा आला, आणि तो काही जाईना.

पावणेबाराला त्यांनी राग बाजूला सारला. अजून कुणी मेलं नव्हतं. पण तासाभरात मरणार होते, आणि जिंकणारेही फाटून, आंधळे होऊन उरणार होते. कोण उरेल? दणकट असेल तो. म्हणजे पोरगी पुढच्या आठवड्यात औषधाची नाही, दणकटपणाची परीक्षा घेणार. सव्वादोन वर्षं पाण्यात. प्रत्येक पिंजऱ्यातला एक आत्ताच काढला तर दुसरा वाचेल. पण कुठला?

निवडायचं नाही.

आकडा विषम असेल तर उजव्या कानाचा जाईल. सम असेल तर डाव्या कानाचा. दहा उजवे उरतील, दहा डावे. कोण जिंकतोय, कोण हरतोय, कोण आपल्या हातावर बसून खातो, ते बघायचं नाही.

मारण्याची रीत त्यांच्या हातात होती. जनावर जमिनीवर घ्यायचं, मानेमागे पत्र्याची पट्टी दाबायची, शेपूट धरून एक झटका. नीट झालं तर क्षणाचंही दुखणं नाही. पण त्याला शांत जनावर लागतं आणि धड बोटं लागतात. मामांची बोटं सुजत चालली होती आणि गाडी हलत होती. पहिल्या पिंजऱ्यातला उजवा त्यांनी मारला. दुसऱ्यातला डावा मारताना हात घसरला, पुन्हा दाबावं लागलं, आणि मामांच्या तोंडून "चुकलो रे" असं मोठ्याने निघालं. तिसरा. चौथा. डोक्यावर दगड वाजतच होते. प्रत्येकाचं कार्ड ते तिथल्या तिथे भरत होते: कान, वेळ, पद्धत, मारणाऱ्याची सही. नियमच तसा आहे, सहीशिवाय जनावर मारता येत नाही. कार्डांवर अक्षरापेक्षा रक्तच जास्त दिसत होतं.

आठव्यात डावा जिंकत होता. उजवा कोपऱ्यात पडून नुसता धापा टाकत होता. मामांनी जिंकणारा उचलला आणि मारला.

नवव्यात पैलवान होता. त्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. डाव्या कानाचा किडमिडा उंदीर भुशात तोंड खुपसून बसला होता, त्याच्या पाठीचं कातडं लोंबत होतं. मामांचा हात आत गेला तसा पैलवान चावला नाही. सवयीने तळहातावर चढला.

मामा थांबले. कोण बघत होतं? एक कार्ड, एक कान. उजव्याच्या जागी डावा लिहायचा आणि दहाव्यात उलटं करायचं. आकडे तेच राहिले असते. पोरीलाही कळलं नसतं. पण मग सातव्यातला का गेला, आठव्यातला का गेला, याला काही उत्तर राहिलं नसतं. उरलं असतं एवढंच, की मामांना आवडला तो उरला आणि बाकीचे मामांनी मारले.

"बस झालं बाबा," ते त्याला म्हणाले. कुणाला म्हणाले ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं. पट्टी दाबताना त्यांनी डोळे मिटले, तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच. डोळे उघडल्यावर कार्डावर लिहिलं: उजवा, बारा वाजून चार मिनिटं, सही.

विसावा झाला तेव्हा साडेबारा वाजायला आले होते. गाडीत एकदम शांत झालं, निदान आत. वीस पिंजऱ्यांत वीस उंदीर, आणि मामांच्या पायाशी वर्तमानपत्रावर वीस, ओळीने. मामा बादलीवर बसले आणि रडले. लाज वाटण्याचं कारण नव्हतं, बघायला कुणी नव्हतं.

जाळीच्या खिडकीत पोरीचं तोंड आलं. पाणी प्यायला पिशवी उघडली तेव्हा तिने अकरा फोन पाहिले होते. ती पायरीवर चढून फुटक्या काचेतून आत वाकली होती. "मामा? तुम्ही आत काय करताय?"

"तुझे आहेत गाडीत," मामा म्हणाले.

"माझे शुक्रवारी..."

"तुझेच आहेत पोरी. बाहेर काढ आम्हाला. आता तरी काढ."

तिने त्यांचे हात पाहिले, पुढचं काही विचारलं नाही. वळली आणि पायरीवरूनच दोन्ही हात पसरून ओरडायला लागली, "दगड थांबवा! रस्ता द्या! आपलीच गाडी आहे!" तिच्या शेजारी बसून अकरा दिवस घोषणा दिलेल्या कुणीतरी "फितूर!" म्हटलं. तिला खाली ओढलं, ती पुन्हा चढली. नेमक्या त्या वेळी पोलीस गर्दीत घुसले. त्यांना दिसलं ते इतकंच, की एक मुलगी गाडीवर चढून हात उगारतेय. मामांना जाळीतून लाठी वर जाताना दिसली. पोरीने उजवा हात डोक्यावर घेतला आणि लाठी त्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मामांनी ऐकला. असले आवाज त्यांना ओळखू यायचे.

त्यानंतर फाटक मोकळं व्हायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मुलं वाट फुटेल तिकडे पळाली, रस्त्यावर चपला राहिल्या. पोलिसांनी किल्ली हुडकून आणली, पोरीला रुग्णवाहिकेत चढवलं आणि गाडीला पुढे व्हायला सांगितलं. ड्रायव्हरने काचा झटकल्या. "जातो एकदाचा," तो म्हणाला आणि त्यालाही हुंदका आला.

पाचव्या आवारातलं प्राणिगृह रंगाच्या वासाचं होतं. नकाशेसाहेब दारातच उभे होते. त्यांनी वर्तमानपत्रावरची रांग पाहिली आणि भिंतीला हात टेकला. तिथल्या पशुवैद्य बाईंनी आधी मामांचे हात धुतले, टाके घातले, आणि मग उंदरांकडे वळल्या. सात जणांना टाके पडले. "वीसही जगतील," त्या म्हणाल्या.

"मग प्रश्न मिटला," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "बाकीचे वीस वाहतुकीत दगावले असं लिहू. आज काय झालं ते सगळ्या शहराने पाहिलंय. कुणी विचारणार नाही. मामांवर काही येत नाही, माझ्यावर काही येत नाही. ही कार्डं तेवढी..." त्यांनी फाडल्याची खूण केली.

"तसं लिहिलं तर राहिलेले वीसही बाद," बाई म्हणाल्या. "मारामारीतून उरलेल्या जनावरांवर कोण विश्वास ठेवणार? तेही आजच संपवावे लागतील. कार्डं ठेवली तर प्रयोग टिकतो. दहा आणि दहा, आणि का मारले त्याला नियम आहे. नियम चांगला आहे मामा. मला एवढ्या घाईत सुचला नसता." त्या थोडं थांबल्या. "पण प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या समितीच्या परवानगीशिवाय वीस जनावरं मारली, असा त्याचा अर्थ होतो. तुमच्या सहीने. आजपासून निलंबन, मग चौकशी. पाच आवारांतून फिरून ती चौकशी आठ महिन्यांत संपणार नाही. निलंबित म्हणूनच निवृत्त व्हाल. क्वार्टर महिन्याभरात सोडावं लागेल."

बायकोला काय सांगायचं ते मामांना सुचत नव्हतं. क्वार्टर का सोडायचं हे सांगायचं तर मारण्याचं सांगावं लागणार होतं, आणि एकदा सुरू केलं की तेहतीस वर्षांचं.

पाच वाजता पोरगी आली. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला, कपाळावर पट्टी. दवाखान्यात थांबायला सांगितलं होतं, ती ऐकून न घेता आली होती. कुणाशी न बोलता तिने डाव्या हाताने कार्डं एकेक करून टेबलावर मांडली. सातव्या-आठव्या कार्डाशी तिला नियम कळला. कळला तशी ती खुर्चीत बसली आणि फळीवरच्या जागेवरून पैलवानाचा पिंजरा मोजू लागली.

"नवव्यात पैलवान होता ना?"

"होता."

"कितपत लागलं होतं त्याला?"

"ओरखडाही नव्हता."

पोरगी रडायला लागली. पैलवानासाठी रडली, की मामांसाठी, की आपण गाडीपुढे उभं राहून ओरडत होतो त्यासाठी, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं आणि कार्डं गोळा करून साहेबांपुढे सरकवली.

"फाडा," ती म्हणाली.

"मॅडम..." साहेब चाचरले. सकाळपासून त्यांनी पहिल्यांदाच कुणाला तरी मॅडम म्हटलं होतं.

"मी पुन्हा सुरू करीन. नवे उंदीर घेईन. मामांचे आठ महिने जाऊ द्यायचे नाहीत."

"पोरी, म्हातारे उंदीर बाजारात मिळत नाहीत," मामा म्हणाले. "पुन्हा सव्वादोन वर्षं. तोवर तुझा गाईड कुठे असेल, तू कुठे असशील?"

"असेन कुठेतरी. तुमचं काय?"

"माझं सोड." मामांनी बँडेजच्या हाताने कार्डं परत ओढून घेतली, एक खाली पडलं, ते वाकून उचलायला त्यांना वेळ लागला. "हे फाडलं तर उरलेले वीस आत्ता मारायचे. ते कोण मारणार? मीच ना? आणि सकाळचे वीस मी कशासाठी मारले ते मला सांग. एवढं सांग, मग फाड."

पोरीने मान हलवली, नाही म्हणून.

"लिहून घ्या बाई माझा जबाब," मामा म्हणाले. "लिहा, सकाळी साहेबांनी दोन-दोन घालायला सांगितले."

"मामा, त्याची काय गरज..." साहेब पुढे झाले.

"सांगितले आणि मी घातले. तेही लिहा. मला माहीत होतं, मी नाही म्हणायला पाहिजे होतं, म्हटलं नाही. माझ्याकडे युक्ती होती. ती चालली नाही. मग वीस मी मारले, एकट्याने, कुणाला न विचारता. ड्रायव्हरला काही माहीत नव्हतं. मॅडमना काही माहीत नव्हतं."

बाईंनी लिहिलं. पान भरलं, मागच्या बाजूला चार ओळी गेल्या. त्यांनी ते वाचून दाखवलं आणि टेबलावर ठेवून पेन पुढे केलं. छतावरचा नवा पंखा जोरात फिरत होता. कागद उडायला लागला.

मामांनी उजव्या हातात पेन घेतलं. तर्जनी वाकत नव्हती, अंगठा बँडेजमध्ये दुप्पट जाड झाला होता. पेन निसटून लवंडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा निसटलं. डाव्या हाताने कागद धरावा तर त्याचीही तीन बोटं टाक्यांत होती. साहेबांनी खिशातून आपलं पेन काढलं आणि परत ठेवलं.

पोरगी उठली, टेबलाशी आली आणि डावा तळवा पसरून तिने कागद दाबून धरला.

मामांनी पेन मुठीत पकडलं, लहान मुलं पकडतात तसं. सही मोठी झाली. चौकटीतून बाहेर पडली, पोरीच्या बोटांना वळसा घालून कागदाच्या कडेपर्यंत गेली. खाली त्यांनी वेळही लिहिली, पाच वाजून चाळीस मिनिटं, कारण तशी सवय होती.